पुढच्या पिढीचे ताट

महाराष्ट्रात कुपोषणाची चर्चा पावसाळ्यात होते आणि शाळेतल्या खिचडीची चर्चा मुलांना उलट्या झाल्या की होते. मेळघाट, धडगाव-अक्कलकुवा, जव्हार-मोखाडा ही नावे विधिमंडळात निघाली, की महिला व बालविकास विभाग आणि आरोग्य विभाग एकमेकांकडे बोट दाखवत उत्तरे देतात. खिचडीत अळ्या सापडल्या, की शालेय शिक्षण विभाग चौकशीचे आदेश काढतो. कुपोषण ही अंगणवाडीची आणि दवाखान्याची बाब, खिचडी ही पटाची आणि हजेरीची बाब, अशी ही वाटणी जवळपास तीस वर्षे चालत आली आहे. तिचा तोटा असा, की शाळेतल्या जेवणाने कुपोषण कमी व्हावे अशी अपेक्षाच कुणी ठेवत नाही. किती मुले जेवली याची नोंद रोज होते. ताटात काय पडले याची विचारणा क्वचितच होते. वास्तविक शालेय पोषण आहार हे बालकुपोषणावरचे सरकारच्या हातातले मोठे साधन आहे, कारण उद्याच्या आईपर्यंत ती आई होण्याच्या दहा-बारा वर्षे आधी, रोज आणि नेमाने पोहोचणारी दुसरी कोणतीही योजना आपल्याकडे नाही. एवढे मान्य केले, तर ताटात अंडे असावे का आणि जेवण कोणत्या इयत्तेपर्यंत मिळावे, हे प्रश्न किरकोळ खर्चाचे राहत नाहीत. ते कुपोषणाविषयीच्या धोरणाच्या गाभ्यातले ठरतात.

आधी परिस्थिती पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३६ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हा आकडा ३६.१ होता. वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या, म्हणजे खुज्या राहिलेल्या मुलांचे प्रमाण ३४.४ वरून ३५.२ टक्क्यांवर गेले. उंचीच्या मानाने वजन कमी, म्हणजे कृश मुले दोन्ही वेळा २५.६ टक्के होती. देशाची सरासरी मात्र पाचव्या फेरीत १९.३ टक्के होती. त्यातही तीव्र कृशता ९.४ वरून १०.९ वर चढली. रक्तक्षय असलेली मुले ५३.८ टक्क्यांवरून ६८.९ टक्क्यांवर गेली. देशाच्या सकल उत्पन्नात सर्वाधिक वाटा उचलणाऱ्या राज्यात दर चौथे मूल कृश आहे. हे प्रमाण एवढे मोठे आहे, की फक्त आदिवासी तालुक्यांकडे बोट दाखवून त्याचा उलगडा होत नाही; कुपोषण मराठवाड्यातल्या गावांत आणि शहरांतल्या वस्त्यांतही आहे. आणि पाच वर्षांनंतर ते नाहीसेही होत नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणानुसार देशातली ५ ते ९ वयोगटातली २२ टक्के मुले खुजी आणि २३ टक्के मुले हडकुळी होती. १० ते १९ या वयात रक्तक्षयाचे प्रमाण मुलांत १८ टक्के होते, तर मुलींत ४० टक्के. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता ५ ते ९ वयात १७ टक्के मुलांत आढळली. किशोरवयात ती ३१ टक्क्यांवर गेली होती. म्हणजे शाळेची वर्षे सरताना शरीरातली तूट वाढते आहे.

यावर पोषणतज्ज्ञांचा एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचे पहिले हजार दिवस निर्णायक असतात. त्या काळात खुंटलेली वाढ पुढे पूर्णपणे भरून निघत नाही. मूल सहाव्या वर्षी शाळेत येते तेव्हा जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. मग मर्यादित पैसा शाळेच्या ताटावर का घालवायचा? तो गर्भवती, स्तनदा माता आणि दोन वर्षांखालच्या बाळांवर खर्च करावा, असा हा युक्तिवाद. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो बरोबर आहे. अडचण एवढीच, की हजार दिवसांची मोजणी ज्या शरीरात सुरू होते ते शरीर त्या दिवशी घडलेले नसते. आईची उंची, तिच्या कंबरेच्या हाडांची वाढ, रक्तातले लोह, गर्भधारणेच्या वेळचे वजन, तिचे वय आणि शिक्षण हे सगळे आधीच ठरून गेलेले असते आणि त्याचा मोठा भाग ती शाळेत असताना ठरतो. लोहाच्या गोळ्या गरोदरपणात सुरू करून वर्षानुवर्षांची तूट काही महिन्यांत भरून काढणे कठीण जाते. हजार दिवसांचा सिद्धान्त गंभीरपणे घेणाऱ्याने म्हणूनच आणखी मागे जायला हवे, आणि मागे गेले की वाटेत शाळा लागते.

हा केवळ तर्क नाही. सुमन चक्रवर्ती, सॅम्युएल स्कॉट, हॅरॉल्ड आल्डरमन, पूर्णिमा मेनन आणि डॅनिएल गिलिगन या संशोधकांनी २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या शोधनियतकालिकात भारतातल्या मध्यान्ह भोजनाचा दोन पिढ्यांवरचा परिणाम मांडला. आपल्याकडे ही योजना सगळीकडे एकदम सुरू झाली नाही, याचा त्यांना उपयोग झाला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने ती जाहीर केली. पण बहुतेक राज्यांनी शिजवलेले अन्न न देता महिन्याला तीन किलो धान्य घरी नेण्याची सोय केली. एका नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेले जेवणच द्या असा आदेश दिला आणि मग राज्याराज्यांत चुली पेटल्या, कुठे लवकर, कुठे उशिरा. ६ ते १० वयाच्या मुलींपैकी १९९९ मध्ये जेमतेम ६ टक्के मुलींना हे जेवण मिळत होते, ते प्रमाण २०११ पर्यंत ४६ टक्क्यांवर गेले. कुणाला ते मिळाले आणि कुणाला नाही, हे जन्मवर्ष, राज्य आणि घरची परिस्थिती यांवर ठरले. या फरकाच्या आधारे संशोधकांनी पुढे आई झालेल्या मुलींच्या बाळांची उंची तपासली. ज्या मातांच्या गटाला प्राथमिक शाळेत पूर्णपणे या योजनेचा लाभ मिळाला होता, त्यांच्या मुलांची वयानुसार उंची प्रमाणित मोजपट्टीवर ०.४ एककाने अधिक आढळली. २००६ ते २०१६ या दशकात देशातल्या मुलांच्या उंचीत जी सुधारणा झाली, तिच्यातला १३ ते ३२ टक्के वाटा या योजनेशी जोडता येतो, असा त्यांचा अंदाज आहे. गरीब थरांत हा परिणाम अधिक ठळक दिसला. त्यामागची कारणेही समजण्यासारखी आहेत: मुली जास्त वर्षे शिकल्या, मुले उशिरा आणि कमी झाली, गरोदरपणात दवाखान्यात जाण्याचे प्रमाण वाढले.

अशा अभ्यासाला मर्यादा असतात आणि त्या लपवण्याचे कारण नाही. हा प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हता; त्याच काळात रस्ते, रोजगार हमी, बचत गट, दवाखान्यातली बाळंतपणे असे बरेच काही वाढत होते, आणि संख्याशास्त्राने हे धागे कितीही सोडवले तरी थोडा गुंता उरतोच. पण पुरावा एकट्या अभ्यासाचा नाही. अभिजीत सिंग, अल्बर्ट पार्क आणि स्टीफन डरकॉन यांनी तेव्हाच्या आंध्र प्रदेशात दाखवून दिले, की लहानपणी दुष्काळाची झळ बसलेल्या मुलांची खुंटलेली वाढ शाळेतल्या जेवणाने बऱ्याच अंशी भरून निघाली. सहा वर्षांनंतर काही उपयोग नाही, या समजाला हे थेट उत्तर आहे, आणि मराठवाड्याला ते विशेष लागू आहे. फरझाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशात तपासले, की मूल शाळेत जेवले म्हणून घरची भाकरी कमी होते का. तर तसे होत नाही, शाळेतले अन्न दिवसाच्या आहारात भर घालते. तनिका चक्रवर्ती आणि राजी जयरामन यांना पाच वर्षांपर्यंत जेवण मिळालेल्या मुलांची वाचनातली गती १८ टक्क्यांनी आणि गणितातली ९ टक्क्यांनी अधिक दिसली. निरनिराळ्या राज्यांत, निरनिराळ्या पद्धतींनी केलेले अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर धोरण ठरवायला तेवढे पुरेसे मानले पाहिजे.

मग प्रश्न उरतो तो ताटाचा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेत एक वेळचे मोफत जेवण हा हक्क दिला आणि त्याचे मोजमापही ठरवले: पाचवीपर्यंत ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवी ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने. पाचवीपर्यंतच्या मुलासाठी हे मोजमाप १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल यांतून साधायचे असते. हिशेब कागदावर जुळतो, पण तो कसा जुळतो हे पाहण्यासारखे आहे. १२ ग्रॅम प्रथिनांपैकी सुमारे सात ग्रॅम नुसत्या तांदळातून येतात. डाळ पातळ झाली, भाजीच्या जागी दोन बटाटे पडले, की ताटात भात उरतो आणि त्याला रंग येण्यापुरती हळद. तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळून तो ‘सकस’ करण्याचा मार्ग सरकारने अलीकडे धरला आहे. पाण्यावर तरंगणारे ते वेगळे दाणे पाहून कित्येक गावांत ‘प्लास्टिकचा तांदूळ’ आल्याची ओरड झाली. ती ओरड चुकीची होती, पण सकस तांदळाने प्रथिनांचा प्रश्न सुटत नाही हेही तितकेच खरे. ब-१२ निसर्गतः वनस्पतीजन्य अन्नात मिळत नाही. त्यासाठी दूध, अंडी, मासे किंवा मांस लागते. सुमारे ५० ग्रॅमच्या एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात, शिवाय ब-१२ आणि अ जीवनसत्त्व. त्यात पाणी घालून वाढवता येत नाही, त्यातला अर्धा भाग वाटेत गायब होत नाही, आणि ते मिळाले की नाही हे पहिलीतले मूलही सांगू शकते. सरकारी योजनेच्या दृष्टीने हा शेवटचा गुण फार मोलाचा आहे.

महाराष्ट्राला हे उशिरा का होईना, पटले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एक अंडे आणि अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे देण्याचा निर्णय घेतला, त्यासाठी निधीही दिला. सव्वा वर्ष झाले नाही तोच, जानेवारी २०२५ मध्ये, नव्या शासन निर्णयाने हा निधी थांबवला. अंडा पुलाव, खीर, नाचणीचे सत्त्व हे पदार्थ पाककृतींच्या यादीत राहिले, पण अंडी आणि साखर यांचा खर्च लोकसहभागातून भागवावा असे शाळांना सांगण्यात आले. आक्षेप घ्यायचा तो निर्णयामागच्या तत्त्वावर. लोकसहभाग ही चांगली गोष्ट आहे. गावोगावच्या शाळांतल्या परसबागा आणि वाढदिवसाला दिलेले गोडाचे जेवण त्यातूनच येते. पण लोकसहभाग तिथेच उभा राहतो जिथे लोकांकडे देण्याजोगे काही असते. बागायती पट्ट्यातल्या, सहकारी संस्था आणि नोकरदार माजी विद्यार्थी असलेल्या गावातली शाळा अंड्यांचे पैसे जमवील. अक्राणीतल्या पाड्यावरच्या शाळेने किंवा ज्या तांड्यावरचे निम्मे लोक दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले असतात तिथल्या शाळेने ते कुणाकडे मागायचे? गरज जितकी जास्त तितकी वर्गणी कमी, असाच हा हिशेब निघणार. पोषणाची योजना ही विषमता पुसण्यासाठी असते. या अटीने ती विषमता ताटात वाढून दिली.

सरकारची अडचण पैशाची असेल, तर तोही हिशेब उघडपणे मांडू. मे २०२५ पासून केंद्राने ठरवलेला साहित्यखर्च पाचवीपर्यंत दर मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे आहे. तांदूळ वेगळा मिळतो. पण डाळ, तेल, मसाला, भाजी आणि इंधन या रकमेत बसवायचे असते आणि तिच्यातला ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा असतो. एक अंडे सहा-सात रुपयांना पडते, म्हणजे लहान मुलाचा पूर्ण दिवसाचा साहित्यखर्च एका अंड्यात संपतो. ‘आहे त्या पैशात बसवा’ हे सांगणे त्यामुळे निरर्थक आहे. राज्याने वेगळा निधी दिला तरच अंडे येते. तो किती लागेल? सात रुपये दर धरला आणि वर्षात ४० आठवडे, तर दर दहा लाख मुलांमागे २८ कोटी. एक कोटी मुले धरली तरी २८० कोटी. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातला एकूण खर्च सुमारे सात लाख कोटी रुपये होता. म्हणजे सरकार जे शंभर रुपये खर्च करते त्यातले चार पैसे. आठवड्याला दोन अंडी द्यायची ठरवली तर आठ पैसे. तमिळनाडू सरकार आठवड्यातून पाच दिवस अंडे देते, आणि ते राज्य त्यामुळे कंगाल झालेले नाही. चार पैसे नाहीत असे सात लाख कोटींचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या राज्याने म्हणू नये; त्यापेक्षा हा आमचा अग्रक्रम नाही असे सरळ सांगावे. त्यावर निदान वाद तरी घालता येईल.

अंड्याला होणारा दुसरा विरोध श्रद्धेचा आहे आणि त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. आपल्या मुलाने अंडे खाऊ नये असे ज्या पालकांना वाटते, त्यांच्या मुलाला ते देऊ नये. शेजारच्या ताटात अंडे असताना त्याला पर्याय मिळेल याची हमीही द्यावी. पण एका घराची श्रद्धा दुसऱ्या घराच्या मुलाच्या ताटाला लागू करता येत नाही. अंडी-मासे-मटण खाणारी घरे महाराष्ट्रात बहुसंख्य आहेत. ज्या मुलांच्या घरी अंडे निषिद्ध नसते, फक्त परवडत नाही, तीच मुले सरकारी शाळेत सर्वाधिक आहेत. खरी त्रुटी पर्यायाची आहे. केळ्यात जेमतेम एक ग्रॅम प्रथिने असतात. अंड्याच्या जागी केळे देणे म्हणजे शाकाहारी मुलावर अन्यायच आहे. कर्नाटकात अंडे न खाणाऱ्यांसाठी केळ्याबरोबर शेंगदाण्याच्या चिक्कीचाही पर्याय ठेवला आहे. मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाण्यांत अंड्याएवढी, सहा ग्रॅम प्रथिने असतात, आणि शेंगदाणा ही आपल्याच मातीतली वस्तू आहे. चिक्की आणि जोडीला पेलाभर दूध मिळाले, तर ब-१२ चीही थोडी सोय होते. पोषणाच्या तराजूत जो पर्याय अंड्याच्या बरोबरीने उतरेल तोच द्यावा, एवढा नियम केला तर हा वाद बराचसा निवळेल.

आता इयत्तेचा प्रश्न. कायद्याने जेवण आठवीपर्यंत दिले आणि महाराष्ट्र तिथेच थांबला. आठवी संपते तेव्हा मुलगी साधारण चौदा वर्षांची असते. पाळी सुरू झालेली असते, उंची वाढत असते, लोहाची गरज आयुष्यात कधी नव्हती एवढी झालेली असते. त्याच वर्षी शाळा तिचे ताट काढून घेते. याच वळणावर मुली शाळेतूनही गळतात. नववीची शाळा दुसऱ्या गावात असते, वाट लांबते, घरात लग्नाच्या गोष्टी निघतात. पाचव्या कुटुंब पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. सकाळी सातला घर सोडून संध्याकाळी परतणाऱ्या मुलीला दुपारी शाळेत गरम जेवण मिळणे हा शाळेत टिकून राहण्याचा एक साधा आधार असू शकतो, आणि आधी पाहिलेल्या अभ्यासाप्रमाणे शाळेत टिकणे हाच पुढच्या पिढीच्या उंचीकडे जाणारा मुख्य रस्ता आहे. तमिळनाडू आणि कर्नाटक दहावीपर्यंत जेवण देतात. आपल्याकडे किशोरींसाठीची केंद्राची योजना १४ ते १८ वयाला लागू असली तरी ती आकांक्षित जिल्ह्यांपुरती, म्हणजे नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव एवढ्यांपुरती आहे. मग सरकार या मुलीला पुन्हा कधी भेटते? लवकर लग्न झाले तर गरोदर म्हणून, नाहीतर एकविसाव्या वर्षी दरमहा रोख रक्कम देणाऱ्या योजनेची ‘लाडकी बहीण’ म्हणून. चौदा ते एकवीस ही सात वर्षे, ज्यांत तिचे शरीर पुरते घडते, धोरणाच्या नकाशावर जवळजवळ कोरी आहेत.

‘लाडकी बहीण’चा उल्लेख आला की लगेच प्रश्न येतो: पैसेच थेट आईच्या खात्यात दिले तर काय बिघडले? आपल्या लेकराला काय खाऊ घालावे हे आईला कळते. कळते, यात शंका नाही, आणि स्त्रीच्या हाती स्वतःचा पैसा असण्याचे मोल वेगळे आहे. पण रोख रक्कम घरात आली की ती घराच्या गरजांच्या रांगेत उभी राहते. औषध, भाडे, कर्जाचा हप्ता, लग्नसराई यांच्यानंतर जेवणाचा नंबर लागतो, आणि जेवणातही मुलीचे ताट बहुतेक शेवटी वाढले जाते. शाळेत वाढलेले ताट या रांगेत शिरत नाही. ते तिच्याच समोर येते, तिने तिथेच संपवायचे असते. शिवाय सगळ्या जातींची मुले एका पंगतीत बसून, दलित किंवा आदिवासी बाईने शिजवलेले अन्न खातात, हे काम बँक खाते करू शकत नाही; सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वयंपाकी नेमताना अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यायला सांगितले ते उगीच नव्हे. खर्चाची तुलनाही करून पाहावी. नववी-दहावीच्या एका मुलीला वर्षातले दोनशे दिवस जेवण द्यायचे तर आजच्या दराने साहित्याला सुमारे दोन हजार रुपये आणि ३० किलो तांदूळ लागतो. तांदूळ आणि स्वयंपाकीचे मानधन धरले तरी ही रक्कम ‘लाडकी बहीण’च्या दोन-तीन हप्त्यांच्या आसपास राहते. एक योजना बंद करून दुसरी चालवा असे म्हणणे नाही. बहिणीला दरमहा दीड हजार देण्याची ऐपत असलेले सरकार तिच्या लेकीला दुपारचे जेवण नाकारू शकत नाही, एवढेच.

शेवटचा आक्षेप शाळांतून येतो आणि तो सर्वांत व्यवहाराचा आहे. शिक्षकांनी शिकवायचे की तांदळाची पोती मोजायची? मुख्याध्यापक साठ्याची नोंद ठेवतो, रोजची आकडेवारी भरतो, चव घेऊन नोंदवहीत सही करतो. इंधन-भाजीपाल्याचे पैसे उशिरा आले की किराणा दुकानात उधारी त्याच्याच नावावर चढते. निष्काळजीपणाची किंमत काय असते हे बिहारमधल्या गंडामन गावाने २०१३ मध्ये दाखवले. कीटकनाशक मिसळलेले तेल वापरल्याने तिथे २३ मुले दगावली. ही गाऱ्हाणी खरी आहेत. पण योजना आवरती घेणे हा त्यावरचा इलाज नाही. गोष्टी बिघडतात कारण जी स्त्री हे सगळे शिजवते तिला व्यवस्थेत स्थानच नाही. केंद्राने स्वयंपाकी-मदतनिसाचे मानधन २००९ मध्ये महिना एक हजार रुपये ठरवले, तेही वर्षातल्या दहा महिन्यांसाठी, आणि त्यात आजवर वाढ केलेली नाही. राज्याने आपली भर घालून ते २०२३ मध्ये अडीच हजारांवर नेले. दिवसाला शंभर रुपयेही न मिळणाऱ्या बाईकडून स्वच्छता, वेळ, चव आणि सुरक्षितता यांची अपेक्षा करायची आणि काही झाले की तिलाच काढून टाकायचे, यातून योजना सुधारणार नाही. किमान वेतन, प्रशिक्षण, वेळेवर आगाऊ निधी आणि हिशेबासाठी शाळासमूहाच्या केंद्र पातळीवर एक वेगळा माणूस, एवढे दिले तर शिक्षक वर्गात परत जातील. मोठ्या शहरांत केंद्रीय स्वयंपाकगृहे चालतात, पण दूरच्या शाळेत डबा पोहोचेपर्यंत अन्न निवते आणि देखरेख पालकांच्या हातून सुटते. खेड्यात शाळेच्या आवारातली चूल आणि तिच्यावर गावातल्या आयांची नजर हीच अजूनही सर्वांत भरवशाची तपासणी आहे.

या सगळ्यातून मागण्या निघतात त्या थोड्या आणि मोजता येण्याजोग्या आहेत. अंड्याचा आणि त्याच्या बरोबरीच्या शाकाहारी पर्यायाचा खर्च राज्याने अर्थसंकल्पातून करावा, आठवड्याला निदान दोन वेळा, आणि सुरुवात आदिवासी व दुष्काळी तालुक्यांपासून करावी. जेवण दहावीपर्यंत न्यावे. पैसा टप्प्याटप्प्याने द्यायचा असेल तर बालविवाहाचे प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांना पहिला मान द्यावा. ऊसतोडीच्या हंगामात आई-बापांबरोबर गेलेल्या मुलांचे ताट कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत त्यांच्या मागोमाग जावे, आणि दुष्काळाच्या वर्षी उन्हाळी सुट्टीतही जेवण चालू ठेवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा आदेश दर वेळी नव्याने मागायला लागू नये. आणि शालेय शिक्षण विभागाने पटाबरोबर मुलांची उंची, वजन आणि मुलींचे हिमोग्लोबिन वर्षातून दोनदा मोजून तालुकावार जाहीर करावे, म्हणजे खिचडीच्या आणि कुपोषणाच्या फायली एकाच टेबलावर येतील. यातले फळ पाच वर्षांच्या कारकिर्दीत दिसणार नाही, ही या मागण्यांची राजकीय अडचण आहे. आज पाचवीत असलेली मुलगी आई होईल तोवर तीन निवडणुका होऊन गेलेल्या असतील आणि श्रेय घ्यायला आजचे मंत्री खुर्चीत नसतील. पण याच न्यायाने आज ३६ टक्के मुले कमी वजनाची असण्याचा काही दोष वीस वर्षांपूर्वी शाळेतल्या मुलींच्या ताटात काय वाढायचे हे ज्यांनी ठरवले त्यांच्याकडे जातो. पुढच्या आकड्याचा दोष कुणाकडे जाणार, ते मंत्रालयातले आजचे निर्णय ठरवत आहेत.